डिरेक्टरी, संगणकीय
संगणकाच्या चकतीवरील फाइलींची नावे व त्यांचा ठावठिकाणा नोंदविणारी यादी. तिला व्यवहारात फोल्डर म्हणतात. तथापि हे नाव काहीसे फसवे आहे. डिरेक्टरीत फाइली ठेवलेल्या नसतात, त्यांच्या केवळ नोंदी असतात. टंकित आज्ञांनी डिरेक्टरी हाताळण्याच्या इतिहासात हा भेद महत्त्वाचा आहे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सीटीएसएस या प्रणालीत (पहिले प्रात्यक्षिक १९६१) उपयोगकर्त्यांना स्वतंत्र डिरेक्टरी मिळू लागल्या. डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी अशी वृक्षासारखी रचना डेली व न्यूमन यांनी मल्टिक्स प्रणालीसाठी १९६५ मध्ये मांडली. बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि तेथील केन टॉमसन, डेनिस रिची व रड कॅनडे यांनी नव्या फाइल व्यवस्थेचा आराखडा केला. त्यातून युनिक्स प्रणाली निर्माण झाली.

पीडीपी-७ यंत्रावरील या पहिल्या युनिक्समध्ये तिरप्या रेघेने जोडलेली मार्गनामे नव्हती. प्रणाली चालू असताना नवी डिरेक्टरीही करता येत नसे. त्यासाठी चकतीवरील सर्व व्यवस्था कागदी फितीवरून पुन्हा उभारावी लागे. पुढे प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी प्रक्रिया निर्माण करण्याची सोय झाली, तेव्हा डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा अचानक निकामी झाली. कारण शोधण्यास बराच खटाटोप पडला. आज्ञा आपले काम चोख करीत होती. परंतु डिरेक्टरी बदलत होती ती नवजात प्रक्रियेची, आणि ती प्रक्रिया लगेच संपत होती. आज्ञा स्वीकारणारा शेल होता तेथेच राही. अखेर ही आज्ञा शेलच्या अंगभूत करावी लागली. आजची ‘सीडी’ ही आज्ञाही त्याच कारणाने शेलच्या आतच असते.

डिरेक्टरी निर्माण करणारी ‘एमकेडीआयआर’ ही आज्ञा वरकरणी साधी वाटते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) मात्र ती तीन टप्प्यांनी काम करी : प्रथम रिकामी डिरेक्टरी, मग तिची स्वतःकडे निर्देश करणारी एक टिंबाची नोंद आणि शेवटी वरच्या डिरेक्टरीकडे निर्देश करणारी दोन टिंबांची नोंद. मध्येच खंड पडल्यास अर्धवट डिरेक्टरी मागे राहण्याचा धोका असे. शिवाय यासाठी लागणारे अधिकार सामान्य उपयोगकर्त्यास नसल्याने ते त्या आज्ञेला खास द्यावे लागत. बर्कली येथील ४.२ बीएसडी आवृत्तीने (१९८३) हे सर्व प्रणालीच्या गाभ्यातील एकाच क्रियेत आणले.

व्यक्तिगत संगणकांवरील एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत (१९८१) उपडिरेक्टरी नव्हत्या. एकबाजूच्या लवचिक चकतीवर ६४ नोंदींची एकच यादी मावे व ती पुरेशीही होती. आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची कठीण चकती आल्यावर ते अशक्य झाले, म्हणून आवृत्ती २.० मध्ये (१९८३) वृक्षरचना घेण्यात आली. युनिक्सची तिरपी रेघ डॉसमध्ये आज्ञांचे पर्याय दर्शविण्यात आधीच खर्ची पडली होती; त्यामुळे मार्गनामासाठी उलटी तिरपी रेघ वापरावी लागली. दोन्ही प्रणालींत काम करणाऱ्यांना ही तडजोड आजही छळते.

डिरेक्टरी काढून टाकणारी ‘आरएमडीआयआर’ ही आज्ञा दोन्हीकडे रिकाम्या डिरेक्टरीपुरतीच चालते. आतील सर्व शाखांसह डिरेक्टरी नष्ट करण्यासाठी युनिक्समध्ये ‘आरएम’ आज्ञेला ‘आर’ हा पर्याय जोडावा लागतो, तर डॉसमध्ये आवृत्ती ६.० पासून (१९९३) ‘डेलट्री’ ही वेगळी आज्ञा मिळाली.