क्षयाच्या जंतूंची वंशावळ

एखाद्या घरी क्षयाचा रुग्ण निघाला म्हणजे औषधाच्या आधी एक प्रश्न घरभर फिरू लागतो: हा रोग आणला कोणी? कोणी परगावी कामाला गेलेल्या मुलाकडे बोट दाखवितो, कोणी नव्या सुनेकडे. या प्रश्नाला शास्त्रापाशी दीर्घकाळ खात्रीचे उत्तर नव्हते. ते कसे मिळत गेले, याचा इतिहास उद्‌बोधक आहे आणि त्यात हैदराबादचाही वाटा आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली एका रुग्णाचा जंतू दुसऱ्याच्या जंतूसारखाच दिसतो. शिवाय तो मोठा चिवट. शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि शरीर दुबळे होताच डोके वर काढतो. तेव्हा आज आजारी पडलेल्या माणसाला लागण गेल्या वर्षी झाली की बालपणी, हे ओळखावे कसे?

याची गुरुकिल्ली जंतूच्या डी.एन.ए.मध्ये सापडली. त्यात ‘आय.एस. ६११०’ नावाचा एक तुकडा निरनिराळ्या जागी पुन्हा पुन्हा आढळतो. त्याची संख्या आणि जागा जंतूच्या वाणागणिक बदलतात. डी.एन.ए. कापून विद्युत्प्रवाहाने पसरविला की या तुकड्यांचे पट्टे उमटविता येतात. हाच जंतूचा ठसा. १९९३ साली यासाठी सर्वमान्य पद्धत ठरली. १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. तेथील बहुतेक क्षय जुन्या लागणीचा, अशी तोवर समजूत होती. परंतु सान फ्रान्सिस्को येथे जवळजवळ तृतीयांश, तर न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात सुमारे चाळीस टक्के रोग अलीकडच्या संसर्गाचा असल्याचे अनुमान निघाले.

भारतात मात्र हा गज तोकडा पडला. दक्षिणेकडील पुष्कळ जंतूंत हा तुकडा एकदाच आढळतो, काहींत तर मुळीच नाही. साऱ्या गावाचे आडनाव एकच असावे आणि त्यावरून नाती लावावीत, तसा हा प्रकार झाला. म्हणून दुसरी साधने हाती घ्यावी लागली. १९९७ मध्ये डी.एन.ए.तील त्रेचाळीस खुणा तपासण्याची पद्धत आली. पुढे लहान लहान पुनरावृत्ती मोजण्याची रीत रूढ झाली. १९९८ मध्ये तर जंतूची सुमारे ४४ लाख अक्षरांची संपूर्ण संहिताच वाचली गेली.

हैदराबादला रोगाचा माग काढण्याची परंपरा जुनी आहे. हिवतापाचे परोपजीवी डासाच्या शरीरात रोनाल्ड रॉस यांना १८९७ च्या ऑगस्टमध्ये दिसले, ते शेजारच्या सिकंदराबादेत. माणसाच्या डी.एन.ए. ठशांचे भारतातील काम डॉ. लालजी सिंग यांनी याच शहरातील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात उभे केले. पुढे डी.एन.ए. ठसे व निदान यांसाठी येथे स्वतंत्र केंद्रही झाले. त्या केंद्रातील नियाझ अहमद आदी संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह देशाच्या बारा भागांतील ९१ जंतू-नमुने निरनिराळ्या पद्धतींनी तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की भारतात प्राचीन वंशाच्या जंतूंचे प्राबल्य आहे. म्हणजे क्षय या देशातला फार जुना रहिवासी असावा, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

मग घरातल्या त्या प्रश्नाचे काय? दोघांचे ठसे भिन्न निघाले, तर सध्याचा रोग एकाकडून दुसऱ्यास झालेला नाही, असे बहुधा म्हणता येते, आणि सुनेवरचा आळ दूर होतो. ठसे जुळले, तरी कोणी कोणास दिला हे त्यावरून ठरत नाही. दोघांनाही तो तिसऱ्याकडून मिळालेला असू शकतो. बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडला, तर जुनाच जंतू उसळला की नवा आला, हेही ठशांवरून कळू शकते.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत. जेथे नवा संसर्ग अधिक, तेथे रुग्ण लवकर शोधून औषध सुरू करावयास हवे, कोंदट खोल्यांत वारा खेळविला पाहिजे. जेथे जुनी लागण उसळते, तेथे सकस अन्नाकडे आणि मधुमेहासारख्या दुबळे करणाऱ्या व्याधींकडे अधिक लक्ष हवे. ठशांचा उपयोग एवढ्यासाठी आहे. ते गुन्हेगाराचे ठसे नव्हेत, आणि ज्याच्या थुंकीतून ते घेतले तो माणूस तर गुन्हेगार नव्हेच.