शोभा वरची, हिसका खालचा

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि कोकण-देशामधला माल बैलांच्या पाठीवरून चाकांवर आला. मालाला चाक पुरते. माणसाला पुरत नाही. बैलगाडीचा आस साटीला जखडलेला असतो, म्हणून दगडाचा धक्का थेट कमरेत जातो. टांग्याने आस आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी कमान आणली. चाकाने उडावे, बैठकीने उडू नये, एवढेच त्या कमानीचे काम. मोटार आली तरी प्रश्न तोच राहिला.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तिला लाकडी बांधणी होती. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या दोन आरामगाड्या आल्या. दोन-दोन आसनांच्या रांगा, पडदे, घड्याळ, हिरव्या छटेच्या काचा असा त्यांचा थाट होता. पण ही सगळी श्रीमंती उभी होती मॉरिस कमर्शियलच्या चासीवर. नावातच सांगितले आहे, ती व्यापारी वाहनाची चासी होती. पुढच्या काळात लाकडाच्या जागी पोलाद आणि मग अॅल्युमिनियम आले, बाकांवर गाद्या आल्या. एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधणी सुधारत गेली. खालचा सांगाडा मात्र बराच काळ मालट्रकच्याच घराण्यातला राहिला.

याचा परिणाम प्रवाशाच्या पाठीला ठाऊक आहे. ट्रकच्या चासीत दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि खाली पाट्यांच्या ताठ कमानी असतात. त्या कमानी पूर्ण भारासाठी आखलेल्या. गाडी अर्धी रिकामी असली की कमान दबत नाही आणि बस उसळते. मागच्या आसासही पलीकडे बसलेल्याला हा हिसका सर्वांत जास्त, कारण तो तरफेच्या टोकाशी बसलेला असतो. म्हणूनच गर्दीत उभा राहिलेला माणूस कधी कधी रिकाम्या गाडीतल्या शेवटच्या बाकावरच्या माणसापेक्षा सुखात असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याच सुमारास व्होल्वोच्या बस भारतात आल्या आणि एस.टी.ची ‘शिवनेरी’ धावू लागली. या बसची चासी प्रवासी गाडी म्हणूनच आखलेली होती. इंजिन मागे आणि पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या. भार वाढला की झडप पिशवीत हवा भरते, उतरला की सोडते. गाडी भरलेली असो वा रिकामी, झोका जवळपास सारखाच.

आता याच भूमीवर चाकांवरची घरे दिसतात. चौकजवळच्या स्टुडिओमुळे चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन या भागाला अनोळखी नाहीत. राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही २०२१ मध्ये आले. अशी जुनी गाडी विकत घेणारा आधी पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि दिवे पाहतो. इतिहास सांगतो, आधी खाली वाकून पाहावे. बसमधले प्रवासी उतरतात, कमानीला विसावा मिळतो. घराचे कपाट कधीच उतरत नाही. वर्षानुवर्षे दबलेले पाटे सपाट होतात, चिरतात. पाण्याची टाकी मागच्या आसापलीकडे असेल तर तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो तिथे लोंबकळतात, पुढची चाके हलकी होतात आणि घाटात स्टिअरिंग सैल वाटते. मागचा लोंबता भाग दोन आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक नसावा, हा मोटार वाहन नियम उगाच नाही. हवेच्या पिशव्या असल्या तरी त्यांचे रबर म्हातारे होते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका बाजूला कललेली दिसली, तर हवा कुठे तरी गळते आहे.

खालापूर तालुक्यातून शिवनेरी झुलत जाते. त्याच डोंगरांच्या कुशीत, कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कडावला, साध्या लाल गाडीची वाट पाहिली जाते. पाट्यांच्या त्या गाडीतून कुणी बाजाराला जातो, तर कुणी कर्जतच्या दवाखान्यात. आरामाची गरज ज्यांच्या हाडांना सर्वांत अधिक, त्यांच्या वाट्याला अजून मालट्रकची कमान आहे. दोनशे वर्षांत चाकावर माणूस बसला खरा. माणसासाठी आखलेली चासी मात्र अजून सगळ्या रस्त्यांवर पोहोचायची आहे.