बालवयातील चेतापेशींचा कर्करोग व डीएनएची क्षती : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

कर्करोगाच्या इतिहासलेखनात प्रौढांच्या रोगांचा जितका विचार झाला, तितका बालकांच्या रोगांचा झालेला नाही. तंबाखू, विडी, धूर अशी प्रौढांच्या अनेक कर्करोगांची कारणे जीवनशैलीत व परिसरात शोधता येतात. बालकांच्या कर्करोगाचे मूळ मात्र बहुधा शरीराच्या घडणीतच दडलेले असते. 'न्यूरोब्लास्टोमा' हे त्याचे ठळक उदाहरण होय. अनुकंपी चेतासंस्थेच्या अपक्व पेशींपासून उद्भवणारी ही गाठ पुष्कळदा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत आढळते आणि तिचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात. डीएनएला इजा करणाऱ्या औषधांनी ही गाठ आरंभी विरघळते, पण रोग उलटला की तीच औषधे निष्प्रभ का ठरतात, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रोगाची ओळख व उपचारांचा उगम :

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६४ मध्ये बालकाच्या पोटातील अशा गाठीचे वर्णन केले. १९१० मध्ये अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी तिचे चेतापेशींशी असलेले नाते ओळखून तिला आजचे नाव दिले. उपचारांचा उगम मात्र युद्धात आहे. मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून १९४२ मध्ये गुडमन व गिलमन यांनी नायट्रोजन मस्टर्डचा कर्करोगावर पहिला प्रयोग केला. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली. म्हणजे शस्त्र आधी हाती आले आणि त्याचे लक्ष्य नंतर समजले. पुढे याच कुळातील सायक्लोफॉस्फामाइड आणि १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिस्प्लॅटिन ही औषधे न्यूरोब्लास्टोमाच्या उपचारांचा आधार बनली.

क्षतीला पेशी देत असलेला प्रतिसाद :

डीएनए तुटला की पेशी स्वस्थ बसत नाही. एटीएम, एटीआर यांसारखी प्रथिने तुटीची वर्दी देतात, पेशीविभाजन थांबते व दुरुस्ती सुरू होते. दुरुस्ती अशक्य असल्यास १९७९ मध्ये शोध लागलेले पी-५३ हे प्रथिन पेशीला आत्मनाशाकडे नेते. प्रौढांच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ चे जनुक बिघडलेले असते. न्यूरोब्लास्टोमात निदानाच्या वेळी ते बहुधा शाबूत असते. म्हणूनच पहिल्या औषधांना गाठ चांगला प्रतिसाद देते.

१९८३ मध्ये या गाठीत एमवायसीएन या जनुकाच्या अनेक प्रती आढळल्या आणि पुढच्याच वर्षी अशा प्रतींचा संबंध रोगाच्या तीव्रतेशी जोडला गेला. हे जनुक पेशीला इतक्या वेगाने विभाजनास भाग पाडते की द्विगुणनाच्या ओघातच डीएनएवर ताण येतो. अशी पेशी जगण्यासाठी एटीआरसारख्या दुरुस्ती-यंत्रणेवर अधिकच विसंबून राहते. या यंत्रणेलाच लक्ष्य करणाऱ्या औषधांचे संशोधन आज चालू आहे. दुसरीकडे, औषधांच्या माऱ्यातून वाचलेल्या पेशींत पी-५३ चा मार्ग खंडित झालेला अधिक वेळा दिसतो. म्हणजे पहिला उपचार हीच सर्वांत अनुकूल संधी असते, आणि तो अर्धवट राहणे बालकाला फार महागात पडू शकते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी :

मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या प्रेरणेने तेथे संशोधनाची परंपरा रुजली. त्यांच्या शिष्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेतून परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. काचपात्रात जिवंत पेशी वाढवता येऊ लागल्यामुळेच डीएनएच्या क्षतीचा प्रत्यक्ष अभ्यास शक्य झाला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

ग्रामीण भागासाठी बार्शीचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. १९८७ मध्ये तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीसह आपल्या जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके होते. कळंब आरंभी त्याबाहेर होता. पुढे धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) व बीड या जिल्ह्यांसाठीही नोंदणी उभी राहिली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन लोकांशी बोलणे, ही बार्शीच्या पद्धतीची ओळख होय.

'लवकर निदान' या कल्पनेची कसोटी :

१९९९ पासून याच जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने प्रगत रोग व मृत्यू लक्षणीयरीत्या घटतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांवरून दिसले. हाच न्याय बालकांना लावावा असे सहज वाटते. जपानने तान्ह्या मुलांची मूत्रतपासणी करून न्यूरोब्लास्टोमा शोधण्याची देशव्यापी मोहीम १९८० च्या दशकात हाती घेतली. तीत आपोआप जिरून जाणाऱ्या सौम्य गाठीच अधिक सापडल्या. कॅनडा व जर्मनीतील अभ्यासांनी २००२ मध्ये अशा तपासणीने मृत्यू घटत नसल्याचे दाखवले आणि २००४ मध्ये जपानने ती थांबवली.

यावरून 'लवकर' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. निरोगी तान्ह्या मुलांत रोग धुंडाळणे या बाबतीत लाभदायक ठरले नाही. परंतु पोटात गाठ लागणे, डोळ्यांभोवती निळसर काळेपणा येणे, हाडे दुखून मूल लंगडणे, अशी लक्षणे असलेल्या बालकाला विनाविलंब तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे ही वेगळी व निकडीची गोष्ट आहे.

समारोप :

पेशीतील क्षती-प्रतिसादाचे ज्ञान प्रयोगशाळेत वाढले. त्याचा लाभ कळंबसारख्या तालुक्यातील बालकाला मिळणे मात्र ओळख, प्रवास, खर्च आणि उपचार पूर्ण करण्याची सोय यांवर अवलंबून आहे. पी-५३ शाबूत असतानाची संधी वाया जाऊ नये, यासाठी लक्षणांची जाण अंगणवाडीपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. प्रत्येक बालरुग्णाची नोंद होणे, आणि उपचार सोडलेल्या कुटुंबाकडे कोणीतरी पुन्हा जाणे हेही तितकेच गरजेचे आहे. या कामी महाविद्यालयांना, विशेषतः विज्ञान व समाजकार्य विभागांना, मोलाचा वाटा उचलता येईल.