मुंबईतील प्लेगची साथ (१९०५-०६) : एका गणिती वक्राचा इतिहास

साथीच्या रोगांचे गणित शिकविणाऱ्या ग्रंथांत एक आकृती हटकून आढळते. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर मृत्यू. मुंबई बेटात १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत प्लेगने दर आठवड्यास किती माणसे दगावली ते दाखविणारे बिंदू, आणि त्या बिंदूंना धरून काढलेला एक सुबक वक्र. ही आकृती प्रथम १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. गणिती प्रतिमान प्रत्यक्षाशी कसे जुळते याचा दाखला म्हणून ती तेव्हापासून पुनःपुन्हा छापली गेली आहे. या दाखल्याचे खरे मोल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

त्या निबंधाचे कर्ते दोघे. ए. जी. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षे काढून १९२० मध्ये एडिंबरोस परतलेले वैद्य, डब्ल्यू. ओ. करमॅक हे रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले. त्यांनी समाजाचे तीन वर्ग कल्पिले : रोग जडू शकेल असे, रोग जडलेले, आणि मरून अथवा बरे होऊन साथीच्या बाहेर पडलेले. नवी लागण पहिल्या दोन वर्गांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते आणि रोगी तिसऱ्या वर्गात जातात ते त्यांच्या संख्येच्या प्रमाणात, एवढेच गृहीत धरले तरी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. साथ ओसरण्यासाठी सर्वांना रोग व्हावा लागत नाही. रोगक्षम लोकांची दाटी एका उंबरठ्याखाली उतरली की ती आपोआप मंदावते. हा निष्कर्ष मौलिक आहे आणि पुढील विवेचनाने त्यास बाध येत नाही.

बाध येतो तो उदाहरणास. मुंबईच्या वक्राच्या सूत्रात अंक तीनच : ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला शिखराची उंची देतो, दुसरा चढउतारांची तीव्रता; तिसऱ्यास दुसऱ्याने भागले म्हणजे शिखर सतराव्या आठवड्याशी, अर्थात एप्रिलच्या मध्यास, येते. तीन अंक मोकळे असले की एका उंचवट्याचा जवळजवळ कोणताही आलेख बऱ्यापैकी बसविता येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. स्वतः कर्त्यांनीही ते ध्यानात घेतले होते. आकृतीसोबत त्यांनी आपली गृहीतके मांडली आहेत : माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब होय, बेटावरील सर्व उंदरांना लागणीचा संभव सारखा, पिसवा इतक्या विपुल की रोग जणू स्पर्शानेच पसरावा. यांपैकी एकही काटेकोरपणे खरे नाही, जुळणी स्थूल आहे, आणि तीवरून स्थिरांकांची मूल्ये काढू नयेत, असेही त्यांनी बजावले आहे. पुढील ग्रंथांत आकृती बहुधा उतरली, हा इशारा मात्र क्वचितच. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा. मूळ संहिता टिकते आणि समासातील टीप नकलाकाराच्या हातून गळते, हा प्रकार त्यास अपरिचित नाही.

गळलेली गोष्ट लहान नव्हती. प्लेग मुंबईत १८९६ साली शिरला आणि पुढे १८९७ पासून निदान १९११ पर्यंत तो दरवर्षी त्याच ऋतूत उसळत व त्याच ऋतूत ओसरत राहिला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या प्लेग कमिशनने त्याची कारणेही शोधली. गटारातील उंदीर आधी मरत, घरातील काळे उंदीर त्यांच्यामागून, आणि त्यानंतर माणसे. उन्हाळा चढला की पिसवांची संख्या घटे, आणि पिसवेच्या पोटातील जंतूही लवकर नाहीसे होत. हवेच्या कोरडेपणाचा यात किती वाटा आहे याचा विचार पुढे १९१७ मध्ये सेंट जॉन ब्रुक्स यांनी केला. म्हणजे १९२७ च्या निबंधाआधीच ऋतूचा पुरावा छापून झालेला होता.

येथे एकाच उताराचे दोन अर्थ संभवतात. एक : रोगक्षम उंदीर संपत आले म्हणून साथ ओसरली. दुसरा : उष्मा वाढला म्हणून ओसरली. साथ पुढील वर्षी परतली एवढ्यावरून निवाडा होत नाही, कारण उंदरांची नवी पिढी मधल्या काळात जन्मास येतेच. परंतु ती वर्षानुवर्षे त्याच महिन्यांत परतावी, हे पंचांगाचा हात असल्यावाचून समजत नाही. मराठीत ‘नमुना’ हा शब्द वानगी आणि आदर्श या दोन्ही अर्थांनी चालतो. १९०६ ची साथ ही एका मालिकेतील वानगी होती, ती आदर्श म्हणून मिरविली गेली.

फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ साली हा हिशेब पुन्हा मांडला. सर्व दर वर्षभर स्थिर मानून हा वक्र काढावयाचा, तर त्या दरांची मूल्ये अवास्तव येतात, असे त्यांनी दाखविले. आणि उंदीर व पिसवा यांच्या संख्या स्वतंत्र चल म्हणून घेऊन, संक्रमणाचा दर ऋतुमानानुसार बदलता ठेवणारे प्रतिमान सुचविले.

हवामानबदलाच्या अभ्यासास हा वाद केवळ पुरातन नाही. कझाकस्तानातील गवताळ प्रदेशातील प्लेगचे १९४९ ते १९९५ या काळातील आकडे तपासून स्टेनसेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे अनुमान केले की, वसंतातील उष्णतामान एका सेल्सिअस अंशाने वाढल्यास तेथील मोठ्या जर्बिलांतील प्लेगचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून अधिक वाढावे. तेथे थंड वसंत उबदार झाला की पिसवांचा हंगाम लवकर सुरू होतो. मुंबईत मात्र आधीच तापलेली हवा आणखी तापली की साथ मोडत असे. एकच अंश दोन ठिकाणी परस्परविरुद्ध परिणाम घडवितो, आणि १९२७ च्या समीकरणांत उष्णतामान हा चलच नसल्यामुळे त्यांना यांपैकी कोणताही परिणाम दाखविता येत नाही.