पुन्हा नर्स होशील का?

मागच्या दिवाळीत आपल्या १९७८ च्या दहावीच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने प्रश्न टाकला होता : "पुन्हा संधी मिळाली तर हाच पेशा निवडाल का?" बँकवाल्यांनी लगेच 'हो' लिहिलं, मास्तर मंडळींनी नेहमीप्रमाणे लांबलचक उत्तरं दिली. मी गप्प बसले. छत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काढली आणि ३१ जुलै २०२० ला, कोविडच्या ऐन गर्दीत, पीपीई किट उतरवून घरी आले. निरोपसमारंभ नाही की शाल-नारळ नाही. त्या प्रश्नाला एका ओळीत काय लिहायचं?

आता स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलंय, तर लिहिते. आपले इतिहासाचे सर म्हणायचे, उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट वाचा. सर, वाचला. 'पुन्हा निवडाल का' या प्रश्नात पहिल्या वेळी आपण निवडलं होतं, असं धरूनच चाललेलं आहे.

मी काय निवडलं होतं? बारावीला ५२ टक्के, डी.एड.ला नंबर लागला नाही, माझ्या पाठीवर तीन बहिणी. नर्सिंगला राहायला हॉस्टेल होतं आणि वर विद्यावेतन. एवढाच हिशेब. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीला नर्स करता? मग लग्नाचं कसं व्हायचं?" मला वाटलं, हे आमच्या आळीतलंच बोलणं आहे. ते किती जुनं आहे, हे पुढे कळलं.

आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात एक ओळ होती : मुंबईत प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय नर्स बाई काशीबाई गणपत, १८९१. बस्स. नाइटिंगेलबाईंना मात्र अख्खा धडा, क्रिमियाच्या युद्धासकट. परीक्षेत काशीबाईंवर एका मार्काचाही प्रश्न आला नाही. पण रात्रपाळीत मला आठवायच्या त्या काशीबाईच. त्या काळी सुईणीचं काम म्हणजे विटाळाचं काम. रक्त, घाण, परक्या पुरुषाच्या अंगाला हात, हे घरंदाज बाईने करायचंच नाही. म्हणून सुरुवातीच्या नर्सेस बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन, नाहीतर मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या ख्रिस्ती मुली. मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात अशा मुली तयार झाल्या. हिंदू घरांतून कोण आलं? रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा पुष्कळ. ज्यांच्या लग्नाची काळजी करायचं कारणच उरलं नव्हतं, त्या. म्हणजे काकूंचा प्रश्न रमाबाईंच्या काळातही होताच. फक्त त्यावरची तोड वेगळी होती.

इथे थोडं विषयांतर. सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका म्हणतो, शाळेत जयंतीला हार घालतो. पण त्यांचा शेवट कसा झाला? पुण्यात प्लेग आला तेव्हा मुलगा डॉ. यशवंत याच्यासोबत त्यांनी शहराबाहेर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हे काम नर्सचं नाही तर कुणाचं? आमच्या दवाखान्यात नाइटिंगेलबाईंची तसबीर होती, सावित्रीबाईंची नव्हती. मी एकदा मेट्रनबाईंना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भिंतीवर जागा नाही." जागा होती.

स्वातंत्र्याच्या आधी भोर समिती नेमली होती, तिचा अहवाल १९४६ चा. त्यात आकडा आहे : देशात ४३ हजार लोकांमागे एक नर्स. आता इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. माझ्या वाट्याला आलेल्या एका वॉर्डात साठ खाटा होत्या, रुग्ण ऐंशीच्या वर, वीसेक खाली गादीवर. रात्री मी आणि एक मावशी. तापाचा चार्ट लिहायचा की सलाइन बदलायचं की दम लागलेल्या आजोबांजवळ थांबायचं? एका पहाटे मी चार्ट लिहीत राहिले आणि आजोबा गेले. थांबले असते तर वाचले असते असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण कुणीतरी जवळ असताना गेले असते. ही गोष्ट मी घरीही फारशी सांगितलेली नाही.

आणि अरुणा शानबाग. आम्ही १९८० साली हॉस्टेलला आलो तेव्हा ती घटना सात वर्षांची जुनी होती, पण पहिल्याच आठवड्यात सीनियर मुलींनी आम्हाला ती सांगितली. के.ई.एम.मधली नर्स, २७ नोव्हेंबर १९७३, ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली आणि सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. मुंबईतल्या नर्सेसनी तेव्हा संप केला होता. पुढची ४२ वर्षं के.ई.एम.च्या नर्सेसनी तिला सांभाळलं. निवृत्त झालेल्या जायच्या, नव्या यायच्या, आणि इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिला बेडसोअर होऊ दिला नाही. बेडसोअर न होऊ देणं म्हणजे काय, ते घरात एखादं माणूस अंथरुणावर असलेल्यांना विचारा. दयामरणाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा या नर्सेस 'नको' म्हणाल्या आणि २०११ साली कोर्टाने त्यांचं ऐकलं. १८ मे २०१५ ला ती गेली. लोक त्यांच्या मायेबद्दल बोलतात, मला त्यात थोडा हट्टही दिसतो. मला तो हट्ट आवडतो. पण सीनियर मुलींनी आम्हाला ही गोष्ट मायेची म्हणून सांगितलीच नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "कपडे बदलायला एकटी जाऊ नकोस." माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी नर्सेसना कपडे बदलायला खोली नव्हती. स्टोअररूममध्ये, एकीने दारात उभं राहायचं. कडी बसवून मिळावी म्हणून अर्ज दिला, तो अकरा महिन्यांनी मंजूर झाला.

आपल्या वर्गातल्या आम्ही तिघी नर्स झालो. एक सौदीला गेली, बारा वर्षांनी परतली. भावांची शिक्षणं, गावाकडचं घर, सगळं तिच्या पगारावर झालं. तिला हा प्रश्न फोनवर विचारला तर म्हणाली, "एकदा काय, तीनदा होईन. घरात माझ्याशिवाय निर्णय होत नाही." दुसरीने सात वर्षांत नोकरी सोडली. ती म्हणाली, "नाही गं. झोपेतसुद्धा बेल ऐकू यायची."

माझं म्हणाल तर, वॉर्ड पुन्हा निवडेन. ती रात्रपाळी, तशीच, एकटीने, निवडणार नाही. माझी भाची यंदा बारावीला आहे. नर्सिंगला जायचं म्हणते, मोबाईलवर जर्मन शिकते. तिला डी.एड.लाही सहज नंबर लागेल इतके मार्क आहेत, म्हणजे ती खरोखर निवडते आहे. तिच्या आईने मला विचारलं, "ताई, जाऊ देऊ का?" मी म्हटलं, जाऊ दे, पण प्रवेश घेण्याआधी मी एकदा ते हॉस्टेल आणि वॉर्ड बघून येते. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाणार आहोत.