सातशे दात्यांचे केंद्र

देवस्थानाचा जमाखर्च ज्याने एकदा तरी लक्षपूर्वक वाचला असेल, त्याला एक गोष्ट निश्चित ठाऊक असते. एखाद्या धनिकाच्या देणगीने कळसावर सोने चढते. परंतु गाभाऱ्यातील नंदादीप तेवत राहतो तो महिन्याच्या महिन्याला न चुकता येणाऱ्या लहान वर्गणीवर. हाच अनुभव सातासमुद्रांपलीकडील एका ख्रिस्ती दूरचित्रवाणी केंद्राला आला. त्याचा इतिहास परका असला, तरी धर्मकार्य आणि द्रव्य यांच्या संबंधाविषयी तो पुष्कळ काही सांगून जातो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनिया राज्यात, पोर्ट्समथ नावाचे बंदर आहे. तेथील २७ क्रमांकाच्या वाहिनीवरील एक केंद्र बंद पडले होते. ते पॅट रॉबर्टसन या तरुणाने घेतले. रॉबर्टसन यांचे वडील अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य होते. ते स्वतः येल विद्यापीठात कायदा शिकले. पण सनदेच्या परीक्षेत अपयश आले आणि पुढे मन धर्माकडे वळले. १९६० मध्ये त्यांनी ‘ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क’ ही संस्था नोंदविली आणि १ ऑक्टोबर १९६१ रोजी तिचे प्रक्षेपण सुरू झाले. केंद्राचे नाव ‘डब्ल्यू-वाय-ए-एच’ असे ठेवण्यात आले. त्यातील अखेरच्या तीन अक्षरांतून हिब्रू भाषेतील ईश्वराचे नाव सूचित होते.

ईश्वराचे नाव घेतले म्हणून अडचणी टळल्या असे मात्र नाही. २७ वी वाहिनी ज्या उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात होती, तो पट्टा त्या काळच्या बहुतेक दूरचित्रवाणी संचांवर दिसतच नसे. त्यासाठी निराळे उपकरण जोडावे लागे. सर्व वाहिन्या दिसतील असेच संच विकावेत, असा कायदा अमेरिकेत १९६२ मध्ये झाला आणि १९६४ पासून तो अमलात आला. तोपर्यंत असल्या केंद्रांना प्रेक्षक थोडे आणि जाहिराती त्याहून थोड्या. केंद्र बंद करण्याची वेळ आली.

तेव्हा रॉबर्टसन यांनी प्रेक्षकांपुढे एक साधा हिशेब मांडला. केंद्राचा मासिक खर्च सात हजार डॉलर. सातशे माणसांनी दरमहा दहा डॉलर द्यावेत, म्हणजे काम भागेल. १९६३ च्या या आवाहनातूनच ‘सातशेंचे मंडळ’ हे नाव जन्मास आले आणि १९६६ पासून त्याच नावाचा, म्हणजे ‘द सेव्हन हंड्रेड क्लब’ हा कार्यक्रम सुरू झाला. ज्या दात्यांनी केंद्र जगविले त्यांची संख्याच कार्यक्रमाचे नाव झाली, यात एक कृतज्ञता आहे, हे मान्य केले पाहिजे.

पुढील वाढ झपाट्याने झाली. १९७७ मध्ये संस्थेने उपग्रहाद्वारे प्रक्षेपण सुरू केले आणि एका बंदराचा आवाज देशभर पोहोचला. परंतु आवाज मोठा झाला म्हणजे मन मोठे होतेच असे नाही. भारतभेटीनंतर १९९५ मध्ये याच रॉबर्टसन यांनी हिंदू धर्माला आसुरी ठरविणारे उद्गार आपल्या कार्यक्रमातून काढले. ते आपल्याला लागले, आणि लागणे स्वाभाविक होते.

तथापि या इतिहासातील खरा प्रश्न निराळा आहे. याच केंद्रावर १९६० नंतरच्या दशकात जिम बेकर व त्यांच्या पत्नी टॅमी यांनी बाहुल्यांचे खेळ दाखवून मुलांना जिंकले होते. १९७२ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी पुढे आपली स्वतंत्र संस्था उभारली. एक हजार डॉलर देणाऱ्यास आजन्म दरवर्षी विश्रामगृहात राहता येईल, असे वचन त्यांनी दिले. वचने हजारो, खोल्या मात्र मोजक्या! १९८९ मध्ये न्यायालयाने बेकर यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. रॉबर्टसन यांच्यावर असा डाग आला नाही. मात्र त्यांची उपग्रहवाहिनी इतकी किफायतशीर झाली, की धर्मादाय संस्थेला मिळणारी करमाफी धोक्यात येऊ लागली. तेव्हा १९९० मध्ये ती रॉबर्टसन पितापुत्रांच्या व्यापारी कंपनीकडे गेली आणि १९९७ मध्ये सुमारे १९० कोटी डॉलरच्या व्यवहारात ती कंपनी विकली गेली. पोर्ट्समथचे मूळ केंद्र तर १९८९ मध्येच परक्या हाती जाऊन नाव बदलून बसले होते. रॉबर्टसन २०२३ मध्ये निवर्तले.

महिन्याला सात हजार डॉलरपासून १९० कोटींपर्यंतचा हा प्रवास सर्वस्वी कायद्याने झाला असेल. पण दहा डॉलर पाठविणाऱ्या विधवेला किंवा गोदीकामगाराला त्या विक्रीच्या वेळी कोणी विचारले होते काय? दात्याची संख्या नावात राहिली. त्याचा अधिकार कोठेच नव्हता.

दुसऱ्याच्या घरातील ही उणीव पाहून समाधान मानणे सोपे आहे. आपल्याकडे महाजनांच्या सभेत हिशेब मांडला जातो, ही चांगलीच प्रथा होय. परंतु जो महाजन नाही, ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही, तरी जो दर सोमवारी फंडपेटीत नाणे टाकून मुकाट्याने घरी जातो, त्याला तो हिशेब कोण सांगतो? नंदादीपात त्याचेही तेल जळत असते.