देवगिरीचं मीठ आणि 40 मिलिमीटरची तोफ

मे 2025 मधला तो आठवडा आठवतोय? पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: ड्रोन इथपर्यंत येतील का? नागरी संरक्षणाच्या यादीत आपला जिल्हा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

8 मेच्या रात्री पाकिस्तानने 36 ठिकाणी साधारण 300 ते 400 ड्रोन सोडले, असं दुसऱ्या दिवशी अधिकृतपणे सांगितलं गेलं. एवढे कशाला? आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून बघायला, असा अंदाज होता. मी सॉफ्टवेअरवाला, मला लगेच सर्व्हर आठवला. खोट्या रिक्वेस्टचा मारा करून त्याला दमवतात ना, तसंच. स्वस्त ड्रोनवर कोटींच्या घरातलं क्षेपणास्त्र सोडत बसलात तर साठा कुणाचा आधी संपेल?

आणि साठा संपण्याची गोष्ट आपल्या शहरापासून 15-16 किलोमीटरवर घडलेली आहे. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. रामदेवराव किल्ल्यात शिरले. (आज दिसणारी तटबंदी बरीचशी नंतरची आहे बरं का, पण कडा तोच.) तो कडा काही कुणी जिंकला नाही. तवारिखांत सांगतात की धान्य समजून घाईघाईत वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं! शेवटी तह करावा लागला.

म्हणूनच मला त्या मे महिन्यातली एल-70 तोफ आवडते. मूळ स्वीडनच्या बोफोर्सची, आपल्या लष्करात 1960 च्या दशकापासून. गोळा 40 मिलिमीटरचा, मिनिटाला साधारण 300 गोळे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला नवे कॅमेरे आणि आपोआप माग काढणारी यंत्रणा बसवली. लांबचं लक्ष्य एस-400 कडे, मधलं 'आकाश'कडे, जवळ आलेला ड्रोन या म्हातारीकडे. काही ड्रोन तर गोळा न झाडता, सिग्नल जाम करूनच पाडले.

पुढचं पाऊल आपल्या नागपूरचं. तिथल्या सोलार समूहाच्या 'भार्गवास्त्र'ची चाचणी 13 मे 2025 ला ओडिशातल्या गोपाळपूरला झाली. छोटी, स्वस्त रॉकेट्स, अडीच किलोमीटरपर्यंतच्या ड्रोनच्या झुंडीसाठी. त्या दिवशी चार उडवली. झुंड शेकड्यांची आली तर किती लागतील, हा हिशेब कारखान्यातच सुटायचा आहे.

पुढचा भाग देवगिरीच्या खंदकाजवळ रेकॉर्ड करतोय. तिथे वारा फार असतो, आवाज जरा सांभाळून घ्या.